धाकट्याला न्यायला

विमानांचा आवाज गावाला नवा राहिला नव्हता. खाली सपाटीवर सैन्याने विमान शिकवायची शाळा काढली, तेव्हापासून रोज कोणी ना कोणी शिकाऊ डोंगरावरून घिरट्या घालून जायचा. सुरुवातीला लोक दारात येऊन माना वर करून बघायचे. पुढे माना दुखायला लागल्या, आणि कामं काही थांबत नव्हती. युद्ध लांबत गेलं तसं कोणी वर बघेनासं झालं.

त्या दुपारी आवाज आला तो ढगाच्या आतून. वहिनी गोठ्यापुढे खेचराच्या पाठीवरचं खोगीर उतरवत होती. अख्खं गाव तिला वहिनीच म्हणायचं, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. नवऱ्याला सैन्याने रस्ते बांधायला नेलं आणि घरातली दोन खेचरं, वरच्या वस्त्यांना पीठ-मीठ-रॉकेल पोचवायचं काम आणि ऐकायला कमी येणारा सासरा, सगळं तिच्या गळ्यात पडलं. एका खेचराचं नाव म्हातारी. दुसऱ्याचं साहेब, कारण तीनदा विनवल्याशिवाय ते पाऊल उचलत नसे.

आवाज खाली उतरत आला. मध्येच ठसका लागल्यासारखा अडखळला, पुन्हा सुरू झाला, आणि मग शेजारच्या घरात कोणी जड ट्रंक आपटावी तसा एक धप्प आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. म्हातारीने कान टवकारले. वहिनीच्या हातात खोगीर तसंच राहिलं.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच : आता नको रे बाबा. सकाळपासून ती वरच्या वस्तीला जाऊन आली होती, पायात गोळे आले होते. तिने खोगीर खुंटीला अडकवलं, दाराची कडी लावली, आणि चुलीपुढे जाऊन बसली. पण कान बाहेरच होते. म्हणून नाक्यावरचा हवालदार धापा टाकत अंगणात आला तेव्हा ती आधीच उठून उभी होती.

"वहिनी, खेचरं लागतील."

"खेचरं आत्ता आलीत."

"मला ठाऊक आहे."

"मीपण आत्ता आलेय."

"तेही ठाऊक आहे," हवालदार म्हणाला. जाडजूड माणूस, त्यात दमेकरी. आघाडीवर न्यायच्या लायकीचा नाही म्हणून नाक्यावर बसवलेला. "खालून फोन आला. दोन माणसं होती आत. खिंडीच्या डाव्या अंगाला पडलं असावं म्हणतात. माझ्याकडे दोन शिपाई आहेत, पण वाट तुलाच माहीत."

सासऱ्याने आतून विचारलं, "कोण आलंय?"

"मरण," वहिनी पुटपुटली. सासऱ्याला ते ऐकू गेलं नाही हे बरं झालं. तिने खुंटीवरचं खोगीर पुन्हा काढलं.

वर जायला फार वेळ लागला. वाट नेहमीची होती, पण ढग इतका खाली बसला होता की पुढच्या खेचराची शेपटी दिसेना. हवालदार दर वळणाला थांबून छाती चोळत होता. शेवटी विमान डोळ्यांनी नाही, नाकाने सापडलं. पेट्रोलचा वास आला तसा साहेब जागच्या जागी थांबला आणि काही केल्या पुढे येईना. त्याला एका शिपायाकडे सोडून बाकीचे चालत गेले.

विमान पेटलं नव्हतं. बर्फाच्या उतारावर पोट घासत वर चढलं होतं आणि एका खडकाला नाक लावून थांबलं होतं. शिकवायचं विमान, एकामागे एक दोन जागा. पुढच्या जागेवरचा मुलगा गेला होता. त्याच्या पुढचं सगळं खडकाने आत ढकललं होतं, पण चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. वयाने जेमतेम विशीतला. दोन्ही हात अजून विमान वळवायच्या दांड्यावर होते. हवालदाराने ते सोडवायचा प्रयत्न केला, आणि मग वहिनीकडे बघून म्हणाला, "तू कर. माझ्याने नाही व्हायचं."

वहिनीने एकेक बोट सोडवलं.

मागच्या जागेवरचा माणूस जिवंत होता. चाळिशीचा असेल, दाढीचे खुंट पांढरे. उजवा पाय नको तिथे वाकलेला.

"आधी त्याला न्या," तो म्हणाला.

"साहेब, तो गेलाय," हवालदार म्हणाला.

"ठाऊक आहे. तरी आधी त्याला न्या. मी थांबतो."

"थांबता कशाला? पुन्हा वर कोण येणार?" वहिनी वैतागून म्हणाली. "दोन खेचरं आहेत, दोन माणसं आहात. मला याच वाटेने आज तिसऱ्यांदा चढायला लावू नका."

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वाद घातला नाही. खेचरावर चढवताना एकदाच ओरडला, आणि उतरताना सगळी वाट शेपटीकडे तोंड करून मागे येणाऱ्या दुसऱ्या खेचराकडे बघत बसला.

अंधारायच्या आत ते गावात पोचले आणि पाठोपाठ बर्फ सुरू झाला. खालच्या पुलाजवळ कडा कोसळून रस्ता बंद झाल्याचा निरोप नाक्यावर आला. लॉरी वर येणार नाही, डॉक्टर येणार नाही. नाक्यावरच्या खोलीत शेगडीसुद्धा धड नव्हती. मग जखमी माणूस वहिनीच्या घरात आतल्या खोलीत आला, आणि मुलगा ताडपत्रीत गुंडाळून गोठ्याशेजारच्या चाऱ्याच्या खोलीत. तिथे थंडी होती आणि दाराला कडी होती. आणखी काय पाहायचं?

पाय बसवायला गावातली सुईण आली. "मी बाळं काढते, पाय नाही," असं तिने आधीच सांगून टाकलं. "पण ओढायचं दोन्हीकडे सारखंच." हवालदाराने खांदे धरले, सुईणीने ओढलं, दोन फळ्या लावून घट्ट बांधलं. तो माणूस घामाने भिजला, पण ओरडला नाही. सुईण हात धुताना म्हणाली, "याच्यापेक्षा बाया जास्त ओरडतात. बायांना कारण असतं म्हणा."

त्याला शाळेतली मुलं मास्तर म्हणत, असं त्याने सांगितलं. म्हणून घरातही तो मास्तर झाला. आघाडीवर बरीच वर्षं उडवून त्याचे हात थरथरायला लागले होते. थरथर थोडी नव्हती, कप धरला की चहा बशीत यायचा. आघाडीच्या कामाचा उरला नाही म्हणून त्याला शिकवायला बसवलं होतं. वहिनी त्याला चमच्याने दूध पाजायची तेव्हा तो दुसरीकडे बघायचा. सासरा मात्र त्याच्यावर खूश होता. मास्तर मुळात कमी बोलणारा आणि सासरा मुळात न ऐकणारा, त्यामुळे दोघांचं छान जमलं. सासरा तासन्‌तास आपल्या तरुणपणच्या गोष्टी सांगायचा आणि मध्येच विचारायचा, "बरोबर ना?" मास्तर मान हलवायचा.

वहिनीचं काम थांबलं नव्हतं. रोज सकाळी चारा काढायला तिला त्या खोलीत जावंच लागे. पहिल्या दिवशी ती दारातच घुटमळली. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीला वळसा घालून गेली. तिसऱ्या दिवशी पेंढी ओढताना तिचा पाय ताडपत्रीला लागला आणि ती सहज बोलून गेली, "जरा सरक रे." मग स्वतःचंच बोलणं ऐकून तिथेच पेंढीवर बसली. रडू आलं नाही. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. थोडा वेळ ती नुसती बसून राहिली, मग उठून खेचरांना चारा घातला.

रस्ता अजून बंदच होता, तेव्हा एक माणूस पायी चालत वर आला.

दुपारची वेळ होती. वहिनी दारापुढचा बर्फ फावड्याने ओढत होती. साठीला टेकलेला, रुंद खांद्याचा माणूस, अंगात बसकंपनीचा जाड कोट, गुडघ्यापर्यंत ओला. फाटकाशी येऊन त्याने टोपी काढली.

"खेचरवाल्या बाईंचं घर हेच का?"

"हो. तुम्ही कुठून आलात? रस्ता तर..."

"बंद आहे. बघितलं मी. कोसळलेल्या दरडीवरून चढून आलो." त्याने टोपीवरचा बर्फ झटकला. "माझा धाकटा तुमच्याकडे आहे म्हणे."

वहिनीच्या हातातलं फावडं थांबलं. "या, काका," एवढंच ती म्हणाली.

तिने चाऱ्याच्या खोलीची कडी काढली आणि बाहेर थांबली. तो आत गेला. मग त्याचा आवाज आला, अगदी साधा, घरात बोलावा तसा : "कोट कुठे गेला रे तुझा?" तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर स्वतःचा कोट नव्हता.

"काका, थंडी आहे," वहिनी म्हणाली.

"हो, आहे खरी," तो म्हणाला, पण कोट आणायला गेला नाही.

चुलीपुढे बसवून तिने चहा दिला तेव्हा त्याने सांगितलं. तो बस चालवायचा. उभा जन्म घाटात गेला, दुसऱ्या डोंगरात, पण घाट सगळे सारखेच. दोन मुलगे. थोरला युद्धाच्या पहिल्याच वर्षी गेला. "त्याचं काहीच आलं नाही घरी. एक बटणसुद्धा नाही. त्याची आई अजून म्हणते, दाखवा, मग मानते. म्हणून या वेळी शाळेतून निरोप आला की रस्ता उघडला की पाठवतो, तर मी म्हटलं, तुम्ही राहू द्या. मीच आणतो."

"एवढ्या बर्फात?"

"बर्फात गाडी चालवलीय. चालणं काय अवघड आहे?"

वहिनीने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. सांगावं तर लागणारच होतं. "काका, ते दुसरे, शिकवणारे... ते इथेच आहेत. आत. पाय मोडलाय त्यांचा."

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. दाराकडे बघितलं नाही. "वाचले होय," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणखी थोडा चहा आहे का?"

तो त्या खोलीत गेला नाही. मुलाला घेऊन उतरायला वाट नव्हती, म्हणून राहिला, आणि राहिला तर हात बांधून बसेना. त्याने छपरावरचा बर्फ काढला. फाटकाची मोडलेली बिजागरी बसवली. साहेबाच्या खोगिराचा पट्टा शिवला. जेवायला चुलीपुढे बसायचा तो आतल्या दाराकडे पाठ करून. आतून मास्तरच्या खोकल्याचा आवाज आला की त्याचा घास हातातच थांबायचा, मग पुन्हा तोंडाकडे जायचा. आत मास्तरला कळलं होतं बाहेर कोण आहे. तो सासऱ्याच्या गोष्टींनाही मान हलवेनासा झाला.

वहिनीला दोघांचीही कीव येत होती आणि दोघांचाही कंटाळा आला होता. घरात दोन पुरुष भिंतीच्या दोन बाजूंना बसून गप्प राहतात आणि मधून ये-जा फक्त तिची, ताट घेऊन, पाणी घेऊन. हे किती दिवस चालणार?

शेवटी एका सकाळी ती दारात उभी राहिली. "काका, जरा आत या. त्यांच्या अंगाखालची चादर बदलायची आहे. मला एकटीला उचलत नाही, आणि मामंजींची कमर गेलीय."

ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं. ती मुद्दाम करतेय की काय, असं त्याला वाटलं असावं. पण चादर खरोखरच बदलायची होती, आणि तिला खरोखरच उचलत नव्हतं. तो उठला.

त्याने मास्तरला काखेत हात घालून उचललं. वहिनीने जुनी चादर ओढली, नवी घातली. तेवढा वेळ मास्तरचं डोकं ड्रायव्हरच्या छातीला टेकून होतं आणि दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्याला खाली ठेवून ड्रायव्हर वळला, तोच मास्तर म्हणाला, "मी चालवत होतो."

ड्रायव्हर थांबला.

"विमान मी चालवत होतो," मास्तर पुन्हा म्हणाला. "त्याची काही चूक नव्हती. चूक माझी."

ड्रायव्हर परत फिरला. बाजूची तिपाई ओढून बसला आणि पांघरुणावर पडलेल्या मास्तरच्या हातांकडे बघत राहिला. ते थरथरत होते. मास्तरने ते पांघरुणाखाली घ्यायचा प्रयत्न केला.

"या हातांनी?" ड्रायव्हर म्हणाला.

वहिनीला ताडपत्रीतला मुलगा आठवला, दांड्यावर घट्ट मिटलेली त्याची बोटं आठवली. ती बोलणार होती, पण त्याची गरज पडली नाही.

"मी किती नव्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसलोय," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी ठोकली की मागाहून सगळे म्हणतात, मी चालवत होतो, किंवा मी चालवत नव्हतो. खरं सांगा. मी एवढा चढून आलोय."

"तो चालवत होता," मास्तर म्हणाला.

"हं."

"ढग येणार हे सकाळीच दिसत होतं. मी तसं सांगितलंही होतं. पण वरून हुकूम होता, या महिन्यात इतकी मुलं तयार व्हायलाच हवीत. तिकडे कमी पडतायत. मग निघालो. खिंडीच्या अलीकडे ढगात शिरलो आणि पंखांवर बर्फ धरायला लागला. विमान जड होत गेलं. मी म्हटलं, वळव. त्याने वळवलं."

"कसं वळवलं?"

मास्तरने मान वर केली. असला प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता.

"घाई केली का?" ड्रायव्हरने विचारलं. "धुक्यात नवखा माणूस घाबरून झटका देतो. तसं केलं का त्याने?"

"नाही. हळू वळवलं. जसं वळवायला हवं तसं. मी शिकवलं होतं त्याच्यापेक्षाही बरं. पण विमान वर जाईना. इंजिन दोनदा बंद पडता पडता राहिलं. खडक दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने नाक वर घेतलं आणि पोटावर टेकवलं. दुसरं कोणी असतं तर मीही आज..." तो थांबला. "मागे माझ्याजवळही दांडा होता. मी हात लावला नाही. माझ्या हातांपेक्षा त्याचे हात स्थिर होते. मी विचार करून लावला नाही की नुसताच बसून राहिलो, ते माझं मलाच सांगता येत नाही. मी फार थकलो होतो."

"मग तुम्ही तिथे होता कशाला?" ड्रायव्हरचा आवाज पहिल्यांदाच चढला. आत येऊ बघणारा सासरासुद्धा दारात थबकला. "शेजारी बसणारा माणूस कशासाठी असतो? अं? मी पेंगत असलो तरी माझा पाय ब्रेककडे जायचा!"

"तेच," मास्तर म्हणाला. "मीही रोज हेच विचारतो."

ड्रायव्हर उभा राहिला. वहिनीला वाटलं, आता हात उगारणार. तिने मधे जायची तयारी केली. पण तो उभा राहून नुसता श्वास घेत राहिला, आणि मग पुन्हा तिपाईवर बसला, बसला म्हणजे कोसळलाच.

"तुम्हाला बघितलं की राग येईल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "सबंध वाटभर तोच राग धरून चढत होतो. पण चढ फार आहे हो. राग धरून एवढं चढता येत नाही."

सासऱ्याने दारातून विचारलं, "बरोबर ना?" आणि कोणालाच कळलं नाही तो कशाबद्दल विचारतोय. मास्तरने मान हलवली.

थोड्या वेळाने ड्रायव्हर म्हणाला, "हळू वळवलं म्हणता."

"हो."

"घरात दार आपटायचा. जिना उतरायचा तर दोन-दोन पायऱ्या. त्याची आई म्हणायची, या पोराला हळू हा शब्दच ठाऊक नाही." तो उठून बाहेर गेला, आणि त्या दिवशी त्याने आणखी काही दुरुस्त केलं नाही. गोठ्यासमोरच्या ओंडक्यावर जेवणवेळेपर्यंत बसून राहिला. जेवताना मात्र त्याची पाठ दाराकडे नव्हती. आतून खोकला आला तेव्हा त्याने पाण्याचा तांब्या उचलून वहिनीपुढे सरकवला. "त्यांना द्या," म्हणाला.

दोघांची मैत्री झाली असं नाही. पण चादर बदलायला वहिनीला पुन्हा हाक मारावी लागली नाही.

पुलाजवळचा रस्ता मोकळा होतोय हे सांगायला हवालदार आला. उद्या सैन्याची लॉरी पुलापर्यंत येईल, तिथपर्यंत दोघांना खेचरांवरून न्यावं लागेल. निरोप सांगून झाल्यावरही तो टोपी फिरवत उभा राहिला.

"आणखी काय?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. खालून विचारत होते, काय लिहायचं म्हणून. मी म्हटलं, मला काय विचारता, मी नाक्यावरचा माणूस."

"काय लिहिणार?" ड्रायव्हरने विचारलं.

"अपघात," हवालदार म्हणाला. "शिकताना गेला तर अपघात म्हणतात. युद्धात गेला असं नाही म्हणत."

ड्रायव्हरने मान डोलावली. "थोरला युद्धात, धाकटा अपघातात," तो म्हणाला. "फरक काय तो त्यांच्या आईला तुमच्यापैकी कोणीतरी येऊन सांगा. मला सांगता नाही यायचा."

हवालदार लाल झाला. "माझी लेकरं लहान आहेत अजून," तो उगीचच म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. म्हातारीच्या पाठीवर मुलाला बांधलं, साहेबाच्या पाठीवर मास्तरला बसवलं. साहेबाने नेहमीप्रमाणे नखरे केले, तेव्हा ड्रायव्हरने त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं आणि साहेब चक्क चालायला लागला. "काय सांगितलंत?" वहिनीने विचारलं. "बसला सांगायचो तेच," तो म्हणाला. सासऱ्याने फाटकापर्यंत येऊन मास्तरचा हात हातात धरला. "तुमच्यासारखं समजून घेणारं कोणी भेटलं नव्हतं हो," म्हणाला. मास्तरला हसू आलं. वहिनीने त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

उतार निसरडा होता. ड्रायव्हर म्हातारीच्या बाजूने, एक हात ताडपत्रीवर ठेवून चालला होता. हवालदार आणि त्याचे दोन शिपाई मागून येत होते. एका वळणावर वहिनीचा पाय घसरला तेव्हा त्यानेच तिचं कोपर धरलं. "ताई, तुमचे मालक कुठे असतात?" त्याने विचारलं.

"रस्ते बांधतात. कुठे ते कळवत नाहीत."

"रस्ते बरे. रस्त्यावरची माणसं परत येतात," तो म्हणाला. ते खरं नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं. पण तिला बरं वाटलं.

पुलाशी लॉरी उभी होती. चाकांना साखळ्या बांधलेल्या, मागे गवताच्या गाद्या टाकलेल्या. लॉरीवाला पंचविशीचा, डोळे तारवटलेले. वर येताना गाडी दोनदा कड्याकडे घसरली, असं त्याने न विचारताच सांगून टाकलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. सिगारेट पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या.

शिपायांनी मुलाला मागे ठेवलं. मास्तरला कुठे ठेवायचं म्हणून ते घुटमळले. दोन गाद्या शेजारी शेजारीच होत्या.

"ठेवा त्याच्याजवळ," मास्तर म्हणाला, आणि मग ड्रायव्हरकडे बघून, "चालेल ना?"

"ठेवा," ड्रायव्हर म्हणाला. तो खाली वाकून साखळ्या बघत होता. एक साखळी त्याने सोडून पुन्हा बांधली. मग पुढे जाऊन लॉरीवाल्याला म्हणाला, "बाळा, या रस्त्यावर कितीदा आलायस?"

"पहिल्यांदाच, काका. महिनाच झाला हातात गाडी देऊन. आधीचा ड्रायव्हर आघाडीवर गेला."

"सरक तिकडे."

"काका, नियमात नाही. सैन्याची गाडी आहे."

"माझा मुलगा आहे मागे," ड्रायव्हर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सरक. आणि सिगारेट टाक, दोन्ही डोळे रस्त्यावर ठेव. मी कुठे गिअर टाकतो ते बघ."

लॉरीवाल्याने हवालदाराकडे बघितलं. हवालदाराने नदीकडे बघितलं. लॉरीवाला सरकला. त्याच्या तोंडावर जी सुटका दिसली ती बघून वहिनीला त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं.

निघताना ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला. "येतो, ताई. आमचं फार केलंत." तिने नुसती मान हलवली. मागच्या फळीच्या फटीतून मास्तरचा हात दिसला. त्याने ताडपत्रीची कड धरून ठेवली होती, गाडी हलली तर घसरू नये म्हणून. लॉरी सुटली, आणि इतकी हळू, इतकी सांभाळून पहिलं वळण घेऊन गेली की साखळ्यांचा आवाजसुद्धा जेमतेम आला.

वहिनी रिकामी खेचरं घेऊन चढायला लागली. हवालदार तिच्याबरोबर नाक्यापर्यंत आला, धापा टाकत, अर्ध्या वाटेत बसत. मास्तरचा पाय बरा झाला की त्याला पुन्हा शिकवायलाच बसवणार असं खालून ऐकलंय, असं त्याने सांगितलं. माणसं कमी पडतायत ना.

"हात थरथरतात त्यांचे," वहिनी म्हणाली.

"तेही त्यांना ठाऊक आहे," हवालदार म्हणाला.

घरी पोचून तिने खेचरांना पाणी पाजलं. चारा काढायला गेली तर खोली एकदम मोठी वाटली. कोपऱ्यात पेंढ्यांवर ताडपत्रीच्या आकाराचा दबलेला चौकोन होता. तिने पेंढ्या हलवून नीट रचल्या. दळायला धान्य न्यायचं होतं, वरच्या वस्तीचं रॉकेल पोचवायचं होतं, आतल्या खोलीतल्या चादरी धुवायच्या होत्या. ती आत गेली आणि मास्तरच्या रिकाम्या खाटेवर जरा टेकली, आणि भर दुपारी, बुटांसकट, झोपून गेली. लग्न झाल्यापासून ती दिवसा कधी झोपली नव्हती. सासरा दोनदा दारात येऊन बघून गेला. मग त्याने हळूच दार ओढून घेतलं, स्वतःच चूल पेटवली, आणि त्या संध्याकाळी घरात दोघांनी करपलेले बटाटे खाल्ले.